भांडवल : अक्षरी एक फक्त

माझ्या मुलीच्या कंपनीचं भांडवल एक होतं. एक लाख नव्हे, एक हजार नव्हे, नुसतं एक. सरकारी प्रमाणपत्रावर तसं स्वच्छ छापून आलं होतं : 'भरणा झालेले भांडवल १ (अक्षरी एक फक्त).' त्यातला 'फक्त' मला फार लागला. पाणीपुरवठ्याच्या बिल खात्यात मी तेहतीस वर्षं काढली. हजारो आकड्यांपुढे या हाताने 'फक्त' लिहिलं. पण त्या शब्दाला एवढी धार असते, हे मला तोवर माहीत नव्हतं.

आधी मुलीबद्दल सांगतो. (सांगू नका असं आमची ही म्हणते, पण ती आत्ता इथे नाही.) माझी मुलगी शिलाई मशीन दुरुस्त करते. घरात आईच्या खोलीत कापडाखाली झाकलेलं असतं ते नव्हे. कारखान्यातली, मिनिटाला चार-पाच हजार टाके घालणारी. लोकांच्या मुली डॉक्टर होतात, वकील होतात, त्यांचे बाप एका शब्दात मोकळे होतात. मला आधी टाका कसा पडतो, खालचा दोरा वरच्या दोऱ्याला कुठे भेटतो, हे समजावून द्यावं लागतं. मी ते आनंदाने देतो. समोरचा घाईत असला तरी देतो.

सहा वर्षं तिने एकटीने कामं केली. मग गणवेश शिवणाऱ्या एका मोठ्या कारखान्यातून बोलावणं आलं. साठ मशीन, वर्षभराची देखभाल. अट एकच : काम कंपनीलाच देणार, एकट्यादुकट्या माणसाला नाही. 'कंपनी काढावी लागेल,' असं ती जेवताना म्हणाली आणि माझा घास हातातच राहिला. कारण या वाक्याची मी सहा वर्षं वाट पाहत होतो.

त्याचं असं आहे, की आमच्या काळी मर्यादित कंपनी काढायची तर किमान भांडवल एक लाख लागायचं. तेवढे बँकेत भरून पावती दाखवल्याशिवाय नोंदणी कार्यालय कागदाला हातही लावायचं नाही. म्हणून मी निवृत्तीच्या पैशातले एक लाख बाजूला ठेवले होते. बायकोलाही सांगितलं नव्हतं. योग्य वेळी, योग्य शब्दांत, मी ते मुलीच्या हाती देणार होतो. शब्दही ठरले होते. सुरुवात 'बाळ' अशी होती.

त्या संध्याकाळी मी नवा शर्ट घालून बाहेरच्या खोलीत आलो, तर मुलगी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप बंद करत होती.

"झाली कंपनी," ती म्हणाली.

"झाली म्हणजे?"

"अर्ज भरला. चाळीस मिनिटं लागली. दोन संचालक लागतात, दुसरे तुम्ही. इथे सही करा. आणि बाबा, फक्त सही करायची. बाकी काही करायचं नाही."

"आणि भांडवल?"

"एक."

"एक काय?"

"एक. नाणं. किमान भांडवलाचा नियम केव्हाच गेला, बाबा. आता एक शेअर, एक नाणं, पुरे होतं."

मी शर्टाची वरची गुंडी काढली आणि सही केली. 'बाळ'पासून सुरू होणारं भाषण पोटात तसंच राहिलं.

तरीही प्रमाणपत्र आलं तेव्हा मला राहवलं नाही. ते प्लास्टिकच्या पाकिटात घालून मी अख्ख्या इमारतीत फिरलो. चूक इथेच झाली. खालच्या मजल्यावर विमावाले राहतात. लोकांना मरणाची आठवण करून देण्यात त्यांचं आयुष्य गेलं, त्यामुळे कुठल्याही कागदात ते आधी धोका शोधतात. आणि त्यांच्याकडे चहाला बसलेले होते वरच्या मजल्यावरचे कोर्टवाले. हे कोर्टात टंकलेखक होते. पण निकाल टाइप करून करून तो आपणच दिला असं त्यांना वाटायला लागलं आहे.

"वा, वा!" विमावाले म्हणाले. "मर्यादित! म्हणजे कंपनी बुडाली तर मालकाच्या घरादाराला धक्का नाही. जबाबदारी भांडवलापुरती."

"अगदी बरोबर," मी छाती काढून म्हणालो.

"भांडवल किती?"

मी कागदावर अंगठा ठेवला. पण कोर्टवाल्यांनी तोवर वाचलं होतं. "एक," ते म्हणाले. मग, निकाल वाचावा तसं, "अक्षरी एक. फक्त."

"म्हणजे साठ मशीनचं वाटोळं झालं तर तुमची मुलगी भरपाई देणार एक?" विमावाल्यांनी विचारलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा वाचलं. "अहो, निदान दोन तरी करायचं. दोन संचालक आहात."

ते हसले. कोर्टवाले हसले. चहा घेऊन आलेल्या वहिनी कारण न विचारता हसल्या. दुसऱ्या दिवशी जिन्यात कोणीतरी मला 'या, एककलमी संचालक' म्हणालं. मी ऐकलं नाही असं दाखवलं, पण कान लाल झाले होते, ते काही मला झाकता आले नाहीत.

मी ठरवलं : भांडवल वाढवायचं. परस्पर. मुलीला कामाचा ताण कशाला?

नोंदणी कार्यालयात गेलो आणि मला माहेरी आल्यासारखं वाटलं. तीच हिरवी कपाटं, तीच एक पाय लंगडा असलेली बाकं, तीच 'चौकशी' अशी पाटी आणि तिच्या मागे कोणी नाही. तिसऱ्या खिडकीवरच्या बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. मी आधी मशीनचा टाका कसा पडतो ते सांगितलं होतं, म्हणून जरा वेळ लागला.

"भांडवल वाढवायला सभासदांची सभा लागते," बाई म्हणाल्या. "सभेची लेखी सूचना पूर्ण चौदा दिवस आधी, प्रत्येक सभासदाला, नोंदणीकृत टपालाने. मग ठराव, मग इतिवृत्त, मग फी. भांडवल रोखीने किंवा वस्तुरूपात. सगळं या पत्रकात आहे, वाचा."

"सभासद एकच आहे. माझी मुलगी. आम्ही एकाच घरात राहतो."

"तिला पाठवा."

"मी तिला घरी गेल्यावर सांगितलं तर?"

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की तेहतीस वर्षं मी लोकांकडे कसं पाहत होतो ते मला प्रथमच समजलं. मी मुकाट्याने पत्रक घेतलं. घरी येऊन ते दोन्ही बाजूंनी वाचलं. लोक अर्जाची मागची बाजू वाचत नाहीत, मी वाचतो. मग सुवाच्य अक्षरात सूचना लिहिली, 'सन्माननीय सभासद' अशी सुरुवात केली, आणि टपाल कचेरीत जाऊन आमच्याच पत्त्यावर रवाना केली.

दुसऱ्या दिवशी दारात पोस्टमन. मी हात पुढे केला.

"तुमचं नाही, मुलीचं आहे. सही त्यांचीच लागेल."

"अहो, पाठवलंय मीच!"

"मग तर तुम्हाला मुळीच देता येणार नाही," असं म्हणून त्याने चिठ्ठी दिली. पाकीट कचेरीतून ओळखपत्र दाखवून घेऊन जावे.

मधले चौदा दिवस वाया कशाला घालवायचे, म्हणून त्याच दुपारी मी बँकेत गेलो आणि एक लाख कंपनीच्या खात्यात भरून टाकले. भरणा करण्याच्या कागदावर 'प्रयोजन' असा एक रकाना होता. तिथे काय लिहावं? ठराव झाला नव्हता, म्हणून 'भांडवल' लिहिणं बेकायदा. कर्ज नव्हतं. विक्री नव्हती. मी प्रामाणिक माणूस आहे. मी लिहिलं : 'प्रेमापोटी.'

तिसऱ्या दिवशी सकाळी बँकेच्या अधिकाऱ्याचा फोन आला. आवाजावरून माझ्या मुलीच्याच वयाचा असावा.

"साहेब, एक भांडवलाच्या कंपनीत एकदम एक लाख आलेत. प्रकार कुठला धरू? कर्ज, विक्री, अनुदान, की भागभांडवल?"

"लिहिलंय की."

"प्रेमापोटी असा प्रकार यादीत नाही, साहेब. खुलासा येईपर्यंत खातं थांबवलंय."

खातं थांबवलं याचा अर्थ मला संध्याकाळी कळला. मुलगी घरात आली ती हातात दोन वस्तू घेऊन : एक नोंदणीकृत पाकीट आणि एक रिकामी पिशवी. पिशवीत सुट्या भागांच्या दुकानातून आणायचे बारा शटल असायला हवे होते. दुकानात तिचं कार्ड चालेना. कारखान्यात नमुन्यादाखल सहा मशीन दुरुस्त करून दाखवायची होती, आणि ती तारीख परवावर आली होती.

"बाबा," ती शांतपणे म्हणाली, "मी एक तास रांगेत उभी राहून हे पत्र आणलं. तुम्ही मला पत्र पाठवलंत?"

"मी नाही. कंपनीने."

"कंपनी मी आहे!"

"अहो, काय केलंत तुम्ही?" बायको आतून बाहेर आली. मग मला सगळंच सांगावं लागलं. लाखाबद्दलही. बायकोचा चेहरा आधी रागाचा झाला, मग वेगळाच झाला, मग पुन्हा रागाचा झाला. मुलगी मात्र खाली बसली आणि तिने मोबाइलवर आकडेमोड केली.

"माझा शेअर एक. त्याची किंमत एक. तुमच्या एक लाखाचे शेअर एक लाख. म्हणजे कंपनीत माझा हिस्सा किती राहील, बाबा?"

मी तोंडी हिशेबात पक्का आहे. उत्तर लगेच आलं आणि तोंडातून बाहेर पडेना. कंपनी माझी झाली असती. माझी मुलगी माझ्याकडे नोकरीला राहिली असती.

"मला तसं नको होतं गं," मी म्हणालो. "मला फक्त तो आकडा बघवेना. एक. खाली लोक हसतात."

"मला कोणी हसलं नाही."

"तू सांगत नाहीस म्हणून. मी सांगत फिरतो."

ती रिकामी पिशवी उचलून उठली. स्वतःच्या बचतीतून काही भाग आणले, उरलेले घरातल्या जुन्या मशीनमधून काढले, आणि परवा कारखान्यात सहा मशीन चालू करून आली. त्यातलं एक मशीन दोन वर्षं बंद होतं, हे मला तिने नव्हे, तिच्या आईने सांगितलं. मी त्या दोन दिवसांत खाली उतरलो नाही. दूधही बायकोने आणलं.

पुढच्या आठवड्यात करारावर सह्या करायला कारखान्याने दोन्ही संचालकांना बोलावलं. मुलीने मला बजावलं, "बोलायचं नाही." मी मान डोलावली. कारखान्याच्या मालकीणबाई साठीच्या, केस आखूड कापलेले, गळ्यात मोजपट्टी. त्यांच्या शेजारी हिशेबनीस. हा मनुष्य बसला होता तरी उभा असल्यासारखा दिसत होता. त्याने कागद उलटले आणि एका ठिकाणी पेन टेकवलं.

"भांडवल एक?"

"कायद्याने चालतं," मुलगी म्हणाली.

"कायद्याने चालतं. आमच्या नियमाने नाही. पन्नास हजारांच्या खाली भांडवल असलेल्या कंपनीला वार्षिक काम देता येत नाही. एक तारखेच्या आत पन्नास हजार दाखवा, नाहीतर आम्हाला दुसरी कंपनी बघावी लागेल."

आत कुठेतरी माझ्या मनात एक छोटी मिरवणूक निघाली, हे मी नाकारत नाही. सरकारने नियम काढून टाकला होता, पण या टेबलामागे तो जिवंत होता! मी बरोबर होतो! मग मी मुलीकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता, आणि माझी मिरवणूक जागच्या जागी पांगली. एक तारखेला बारा दिवस उरले होते. माझा लाख बँकेत अडकलेला. तो सुटला तरी तिला तो नको होता, आणि आता मलाही तो तसा द्यायचा नव्हता.

"सभेची सूचनाच चौदा दिवसांची," ती पुटपुटली. "वेळच नाही."

"वेळ आहे," मी म्हणालो. बोलायचं नाही असं ठरलं होतं, पण हे माझ्या खात्यातलं होतं. "सूचना जाऊन आठ दिवस झाले. सभा येत्या बुधवारी आहे. विषय, भांडवलवाढ. रक्कम मी कोरी ठेवली होती, कारण ठराव होण्याआधी रक्कम लिहू नये. आणि पैसेच लागतात असं नाही. पत्रकाच्या मागच्या बाजूला कलम सहा : भांडवल वस्तुरूपात चालतं. नोंदलेल्या मूल्यमापकाचा दाखला जोडायचा. तुझी हत्यारं, बाळ. सहा वर्षं जमवलेली. ती तुझी आहेत. ती कंपनीला दे आणि शेअर तुझ्या नावावर घे."

मालकीणबाईंनी हिशेबनिसाकडे पाहिलं. "चालेल?"

हिशेबनीस बराच वेळ नियम शोधत राहिला. मिळाला नाही. "चालेल," तो नाइलाजाने म्हणाला.

बसमध्ये मुलगी खिडकीबाहेर बघत होती. दोन थांबे गेल्यावर म्हणाली, "ते पत्र पाठवलंत ते बरं झालं." मी तिकीट नीट घडी करून खिशात ठेवलं. असल्या वेळी माणसाने काही बोलू नये, एवढं मला कळतं.

रविवारी यादी केली. मुलगी एकेक वस्तू काढून टेबलावर ठेवायची, नाव सांगायची, मी लिहायचो. पाने, पेचकस, गेज, तेलाच्या पिचकाऱ्या, भिंग, ओव्हरलॉकचे लूपर, तपासणीसाठीची दोन पूर्ण मशीन. मी तिच्या कामाबद्दल अख्ख्या इमारतीला भाषणं दिली होती, आणि मला यादीतल्या निम्म्या वस्तूंची नावं माहीत नव्हती. तीन वेळा मी स्पेलिंग विचारलं. "हे कशाला लागतं?" असं विचारलं, की ती सांगायची, हातांनी दाखवून, भराभर. एकशे चौऱ्याऐंशी नोंदी झाल्या. मी कधी इतक्या काळजीने अक्षर काढलं नव्हतं.

सोमवारी मूल्यमापक आले. हे गृहस्थ बारीक आवाजाचे आणि जाड बॅगेचे. घरात शिरताच त्यांनी सवयीने आमच्या सोफ्याची, पंख्याची आणि बहुधा माझीही किंमत केली. ती चेहऱ्यावरून फार आली नसावी. पण हत्यारांपाशी ते बसले आणि हळूहळू पुढे वाकत गेले.

"हे सगळं तुमचं? एवढं जपलेलं?"

"रोज रात्री पुसून ठेवते," मी म्हणालो. मला विचारलं नव्हतं.

एका वस्तूपाशी ते अडले. सायकलच्या तारेला वाकवून, टोक घासून केलेला एक आकडा. "हे काय? बाजारभाव काय याचा?"

"बाजारात मिळत नाही," मुलगी म्हणाली. "अडकलेला दोरा मशीन न उघडता काढता येतो. मी केलंय."

"मग शून्य लिहावं लागेल."

"शून्य?" मी पेन खाली ठेवलं. "यादी मी लिहितोय. शून्य मी लिहिणार नाही."

"बाजारभाव नसेल तर..."

"तर ती वस्तू यादीतच नको. तुमच्या अंदाजाला ती झेपत नाही, एवढाच त्याचा अर्थ."

मूल्यमापक दुखावले. बायकोने मध्ये चहा आणला. मुलगी हसू दाबत होती, तिने तो आकडा उचलून खिशात टाकला आणि म्हणाली, "राहू दे बाबा, ते मी कंपनीला देणारच नव्हते." संध्याकाळपर्यंत एकूण झाली : अठ्ठ्याहत्तर हजार दोनशे. मी बेरीज तीनदा तपासली. चूक शोधायला नव्हे, नुसती पुन्हा पुन्हा करायला बरी वाटत होती म्हणून.

बुधवारी स्वयंपाकघरात सभा झाली. अध्यक्ष मुलगी, इतिवृत्त मी, बायको निमंत्रित. ठराव एकमताने मंजूर. मत एकच होतं. गुरुवारी तिसऱ्या खिडकीवरच्या बाईंनी कागद उलटसुलट तपासले आणि त्यांना एकही त्रुटी सापडली नाही. "कोणी तयार केले?" त्यांनी विचारलं. आयुष्यात मला कोणी पदक दिलं नाही, पण तो प्रश्न मी अजून जपून ठेवला आहे.

बँकेला मी दोन पानी खुलासा दिला. माझे लाख परत आले. आता त्यांचं काय करायचं यावर बायकोची स्वतंत्र मतं आहेत.

एक तारखेला मी कारखान्यात गेलो. संचालक या नात्याने जावं लागतं, असं मी घरी सांगितलं. लांबलचक दालन, साठ मशीन, साठ बायका, आणि पावसासारखा एकसारखा आवाज. मुलगी रांगेतून चालत होती. बघत नव्हती, ऐकत होती. एका मशीनपाशी ती थांबली, तिथल्या बाईंना हात वर करायला सांगितला, झाकण उघडलं आणि खाली वाकली.

"ते संचालक ना?" मालकीणबाई माझ्याकडे बोट करून म्हणाल्या. "मग रिकामे का उभे? दिवा धरा."

मी दिवा धरला. मुलगी न बघता म्हणायची, "जरा डावीकडे, बाबा," आणि मी डावीकडे धरायचो. तिची बोटं त्या पोलादात अशी जात होती, की जणू तिला आतलं सगळं आधीपासून माहीत होतं. तिने चाक फिरवलं, कापडाचा तुकडा घातला, पाय दाबला. टाका पडला. सरळ, बारीक, सारखा. शेजारच्या बाईंनी तो तुकडा उचलून उजेडात धरला, ताणून पाहिला आणि मान हलवली.

मला राहवलं नाही. मी त्यांच्या कानाशी वाकलो. त्या आवाजात ओरडूनच बोलावं लागतं.

"ती माझी मुलगी आहे," मी सांगितलं.

बाईंनी तुकडा माझ्या हातात ठेवला. "माहीत आहे, काका," त्या म्हणाल्या. "सकाळपासून चौथ्यांदा सांगताय."